सरकारचं नवं-जुनं

मार्चचा शेवटचा आठवडा आला की मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात विकास सोसायटीच्या दारात चपलांचा ढीग पडतो. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, दरवर्षी त्या गर्दीत असतात. बंडीच्या आतल्या खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा. नोटा त्यांच्या नव्हेत. गावातल्याच एका अडत्याकडून शेकडा तीन रुपयांनी आठ दिवसांसाठी उचललेल्या. दिवस आठ, व्याज मात्र अख्ख्या महिन्याचं. त्या सोसायटीत भरल्या की जुनं पीककर्ज निल होतं, वेळेत भरल्यामुळे व्याजाची सवलत पदरात पडते आणि काही दिवसांत नवं कर्ज मंजूर होऊन खात्यावर येतं. त्यातून अडत्याचे पैसे परत. याला आमच्या भागात नवं-जुनं करणं म्हणतात. कर्ज तेवढंच राहतं, कधी थोडं वाढतं, कागदावरची तारीख तेवढी बदलते.

मी सोलापुरात राहतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या काही यंत्रमाग कारखानदारांचे हिशेब लिहितो. मार्च 2025 मध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला त्या संध्याकाळी गावी होतो. टीव्हीवर आकडा आला: राज्यावरचं कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे जाणार. आप्पा भाकरी मोडता मोडता थांबले.

“एवढं कर्ज सरकार फेडणार कधी रं?”

“फेडणार नाही, आप्पा. सरकारपण नवं-जुनंच करतं.”

“मग आमच्याच नावानं का ओरडतेत?”

त्या रात्री मला त्यांना धड उत्तर देता आलं नाही. पुढचे काही दिवस फोनवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगत गेलो, ते इथे सलग लिहितो आहे. आप्पांसारखा प्रश्न पडलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांना एकतर घाबरवलं जातं किंवा “तुम्हाला नाही कळायचं” म्हणून गप्प केलं जातं. दोन्ही चूक आहे. विषय अवघड असला तरी पीककर्ज सांभाळणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला आहे.

सरकार कर्ज घेतं ते मुख्यतः रोखे विकून. रोखा म्हणजे ठरलेलं व्याज आणि मुदतीला मुद्दल देण्याचं लेखी वचन. दहा वर्षांचे, तीस वर्षांचे, केंद्र सरकारचे तर आता पन्नास वर्षांचेही रोखे असतात. मुदत संपली की रोखेधारकाला मुद्दल ठरल्या दिवशी मिळतं. फक्त ते मुद्दल बहुतेक वेळा नव्या रोख्यांच्या विक्रीतून आलेलं असतं. आपण हेच करतो, अमेरिका आणि जपानही हेच करतात. यात लबाडी काही नाही. माणसाला कर्ज देताना बँक वय विचारते, कारण माणूस थकतो, त्याची कमाई थांबते. राज्याला म्हातारपण नसतं. आज आपण कर भरतो, उद्या आपली मुलं भरतील, परवा त्यांची. म्हणून “फेडणार कधी” हा प्रश्न सरकारला तसा लागूच होत नाही. लागू होतो तो दुसरा: पुढच्या मार्चला अडत्या पैसे देईल का, आणि शेकडा किती मागेल?

देशाचे पैसे दीर्घकाळ ताळ्यावर राहणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी “देईल, आणि परवडेल अशाच दराने” असं येत राहणं.

ऐंशीचं गणित

केंद्र आणि सगळी राज्यं मिळून भारतातल्या सरकारांवरचं कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या साधारण 80 टक्के आहे. गणितासाठी धरू की देशाचं उत्पन्न 100 रुपये आणि कर्ज 80 रुपये. व्याजदर 7 टक्के धरू. सरकारने यंदा व्याज सोडून बाकीचा सगळा खर्च स्वतःच्या कमाईत भागवला आणि फक्त व्याजापुरतं नवं कर्ज काढलं, तर वर्षअखेरीला कर्ज 85 रुपये 60 पैसे होईल. कर्ज वाढलं. पण त्याच वर्षात देशाचं उत्पन्न, महागाई धरून, 10 टक्क्यांनी वाढून 110 झालं असेल तर कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण किती? जवळपास 78 टक्के. एक रुपयाही न फेडता ओझं हलकं झालं.

आता उत्पन्न 10 ऐवजी 6 टक्क्यांनीच वाढलं असं धरा. तेच 85 रुपये 60 पैसे, पण उत्पन्न 106. प्रमाण 80 च्या वर सरकतं. आणि सरकारने व्याजाशिवाय आणखी 2 रुपये उचलले असतील तर साडेब्याऐंशीच्या पुढे. हे दहा वर्षं चालू द्या, मग बघा.

सगळ्या विषयाचा गाभा या दोन परिच्छेदांत आहे, म्हणून घाई न करता एकदा कागदावर मांडून बघा. तीनच गोष्टी चालतात: व्याजाचा दर, उत्पन्नवाढीचा दर, आणि व्याज वगळून उरलेली तूट, जिला प्राथमिक तूट म्हणतात. वाढ व्याजापेक्षा जोरात असेल तर थोडी प्राथमिक तूट खपून जाते. वाढ मंदावली की तीच तूट गळ्याशी येते. विकसनशील देशांची अडचण अशी की त्यांची वाढ एखाद्या दशकात झपाट्याने होते आणि पुढच्या दशकात अचानक बसते. चांगल्या दिवसांत काढलेली कर्जं वाईट दिवसांत मुदतीला येतात. आप्पांना हे दोन वाक्यांत समजलं. डाळिंबाला भाव होता त्या वर्षी घेतलेलं कर्ज, तेल्या रोग पडला त्या वर्षी भरावं लागतं.

केंद्राचे 2025-26 च्या अर्थसंकल्पातले आकडे बघू. एकूण खर्च 50 लाख 65 हजार कोटी. त्यासाठी काढायचं नवं कर्ज, म्हणजे राजकोषीय तूट, 15 लाख 69 हजार कोटी. त्याच वर्षी भरायचं व्याज 12 लाख 76 हजार कोटी. म्हणजे त्या वर्षीच्या नव्या कर्जातला फार मोठा भाग मागच्या कर्जाचं व्याजच खातं. कर आणि इतर महसूल मिळून केंद्राकडे जो रुपया येतो, त्यातले सुमारे 37 पैसे व्याजात जातात. शाळा, दवाखाना, रस्ता, सैन्य, सगळं उरलेल्या 63 पैशांत आणि उसनवारीत. मला तूट किती यापेक्षा हा 37 चा आकडा जास्त टोचतो. तूट एखाद्या वर्षी कमी करता येते. साठलेल्या कर्जाचं व्याज कुठल्याही अर्थमंत्र्याला एका वर्षात कमी करता येत नाही.

अडत्या कोण आहे?

आप्पांनी पुढचा प्रश्न विचारला तो मला सगळ्यांत आवडला. “आरं, मग सरकारचा अडत्या कोण?”

तुम्हीच, आप्पा. तुमची बँकेतली ठेव, काकूंचा एलआयसीचा हप्ता, माझ्या कारखानदाराच्या कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड. बँकांना त्यांच्या ठेवींतल्या 18 टक्के रकमेइतकी गुंतवणूक सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी ठेवावीच लागते. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीही मोठ्या प्रमाणात रोखे घेतात. म्हणजे भारत सरकारचं बहुतेक कर्ज देशातल्याच लोकांकडून आणि रुपयांतच आहे.

हे बळ किती मोठं आहे ते श्रीलंकेकडे बघितलं की कळतं. तिथे 2019 च्या अखेरीला सरकारने मूल्यवर्धित कर 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. महसूल घसरला. मग करोना आला, पर्यटक थांबले आणि डॉलर यायचे बंद झाले. कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये होता आणि श्रीलंकेला डॉलर छापता येत नाहीत. एप्रिल 2022 मध्ये त्या देशाने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचं जाहीर केलं, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महागाई 70 टक्क्यांच्या जवळ पोचली होती. पेट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने ते कर्ज काढलेलं नव्हतं.

आपल्यालाही हा अनुभव अगदीच नवा नाही. 1991 मध्ये परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून डॉलर उभे केले. घरातलं सोनं गहाण टाकताना बायकांचे चेहरे कसे होतात हे ज्याने पाहिलंय त्याला त्या जुलै महिन्याबद्दल आणखी सांगावं लागत नाही. ऐंशीच्या दशकात सरकारं उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करत राहिली, हे त्या संकटाचं एक मोठं कारण होतं.

“पण रुपयातलं कर्ज असेल तर नोटा छापून भागवावं” असं काहींना वाटतं. तेही करून झालंय. 1955 पासून केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेकडून तात्पुरत्या हुंड्यांवर हवे तेवढे पैसे उचलू शकत असे. नावाला तात्पुरतं, प्रत्यक्षात दर वेळी नवं-जुनं. ती पद्धत 1997 मध्ये बंद केली. पुढे 2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेने सरकारकडून थेट रोखे घेणंही 2006 पासून थांबलं. कारण छापलेल्या पैशाची वसुली महागाईतून होते, आणि ती वसुली आधी विडी वळणाऱ्या बाईकडून होते, कारण तिची मजुरी महिनोन्‌महिने तेवढीच राहते आणि तेलाचा डबा मात्र आठवड्यात महागतो.

देशातल्या देशात कर्ज काढायलाही किंमत असतेच. बँकेला सरकारी रोख्यांतून बिनघोर व्याज मिळत असेल, तर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला नव्या रॅपियर (बिनधोट्याच्या वेगवान) मागासाठी कर्ज देताना ती हात आखडता घेते किंवा दर चढा लावते. टॉवेलच्या धंद्यात आधीच दोन पैशांवर गणित असतं. त्यात एक टक्का व्याज वाढलं की नवा माग यायचा राहतो, जुनाच खडखडत राहतो. देशाची वाढ मंदावते म्हणजे काय, तर हे.

मागाचं कर्ज आणि किराण्याची उधारी

मी हिशेब लिहितो त्या कारखानदारांत कर्ज नसलेला एकही नाही. तरी कोण तरेल आणि कोण बुडेल हे वही बघून बरंचसं सांगता येतं. कर्जाच्या आकड्यावरून ते कळत नाही. पैसे गेले कुठे हे बघावं लागतं. माग घेतला असेल तर माग हप्ता कमावतो. कामगारांचा पगार आणि घरचा किराणा कर्जावर चालला असेल, तर पुढच्या वर्षी किराणा लागणारच आणि हप्ता वर लागणार.

सरकारच्या वहीत दुसऱ्या प्रकाराला महसुली तूट म्हणतात. वृत्तवाहिन्यांवर तिची चर्चा क्वचितच होते, पण मी आधी तोच आकडा शोधतो. महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी होती आणि राजकोषीय तूट 1,36,235 कोटी. म्हणजे राज्य उचलत असलेल्या तीन रुपयांतला एक रुपया चालू खर्चात विरतो. राज्याचं कर्ज राज्याच्या उत्पन्नाच्या मानाने अजून हाताबाहेर नाही, 20 टक्क्यांच्या आत आहे. काळजी आहे ती या एका रुपयाची.

इथे लाडक्या बहिणीचा विषय निघतोच. त्याच अर्थसंकल्पात त्या योजनेसाठी 36 हजार कोटी ठेवले होते. आमच्या शहराच्या पूर्व भागात दीड हजार रुपये महिन्याला काय असतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हजार विड्या वळून संध्याकाळी कारखान्यात पोचवायच्या, छाटात किती बाद होतात ते बघत उभं राहायचं, त्या बाईच्या नावावर दर महिन्याला जमा होणारा तो पहिला पैसा आहे. तिला तो मिळू नये असं मला वाटत नाही. पण तो कुठून येणार हे तिलाही कळलं पाहिजे. करातून येत असेल तर ती हक्काची वाटणी आहे. कर्जातून येत असेल तर तिच्याच पोरांच्या नावावर उधारी लिहून तिला दिला जातो आहे.

खर्चाशेजारी त्याच कागदावर उत्पन्न लिहिण्याची गोष्ट महाराष्ट्राने एकदा फार चांगली करून दाखवली आहे. 1972 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. त्या काळात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्याने उचलली. मागेल त्याला काम, खडी फोडायचं का होईना. पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पण त्याआधीच, 1975 मध्ये, व्यवसाय कराचा कायदा आला होता. शहरातल्या नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी थोडा कर द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून दुष्काळी गावात काम द्यायचं. तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात ना, वर्षाचे अडीच हजार, तोच हा कर. मी स्वतः कितीतरी पगारपत्रकं बनवतो, फेब्रुवारीत हमखास कुणीतरी विचारतं, “शंभर जादा का कापले?” मी खडीच्या ढिगावर बसलेल्या माझ्या आजीची गोष्ट सांगतो. बहुतेक जण ऐकून गप्प होतात. एकजण म्हणाला, “मग कापा.”

देश म्हणून आपला कर कमीच जमतो. केंद्र आणि राज्यं मिळून देशाच्या उत्पन्नाच्या 18 टक्क्यांच्या आसपास. श्रीमंत देशांत सरासरी एक तृतीयांश. आपल्याकडे कितीतरी व्यवहार पावतीशिवाय होतात, उत्पन्न कमी म्हणून बहुतेकांना आयकर लागत नाही आणि साबण-टॉवेलवरच्या करात मात्र गरीब-श्रीमंत सगळे एका रांगेत. खर्च कमी करा हे सांगणं सोपं आहे. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून नेमका कर वसूल करणं जास्त कठीण आणि जास्त उपयोगाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

वहीत न दिसणारं कर्जही असतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात थकहमी हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. सरकारने हमी दिली तेव्हा तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून ती फुकट वाटते. कारखाना थकला की बँक सरकारच्या दारात येते. ठेकेदारांची थकलेली बिलं हेही कर्जच, फक्त त्याला रोख्याचा कागद नाही. आणि पेन्शन. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांसाठी पेन्शनचा पैसा नोकरीतच साठवायची पद्धत आली. जुनी पेन्शन परत हवी म्हणून मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. म्हातारपणाची धास्ती खरी आहे आणि ती मागणी समजण्यासारखी आहे. पण तीस वर्षांनी द्यायच्या रकमेचं वचन आज देताना त्यासाठी आज काही बाजूला ठेवलं का, हे विचारायलाच हवं, कारण तेव्हा उत्तर द्यायला आजचं कुणी खुर्चीत नसेल.

सगळ्यांत जवळचं उदाहरण आमच्या नळाचं. सोलापुरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी पाणी येत आलं. उजनीपासून शहरापर्यंत सुमारे 110 किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकली, ती झाली याचा आनंद आहे. असल्या कामासाठी कर्ज काढलं तरी मी टाळ्या वाजवीन. पाणी आलं की बाईचा मजुरीचा बुडालेला दिवस वाचतो, डाईंगवाल्याचा टँकर वाचतो, शहर कमावतं. पण पाइप टाकला की काम संपलं, असं नसतं. उपसायला वीज लागते, गळती रोज होते, व्हॉल्व्ह सोडायला माणूस लागतो. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, जीएसटी आला, तेव्हापासून महापालिकेचा हात मोठ्या प्रमाणात वरून येणाऱ्या अनुदानासाठी पसरलेला असतो. पाणीपट्टी नीट वसूल झाली नाही तर बांधलेली गोष्ट दहा वर्षांत गंजते आणि तिच्यासाठी काढलेलं कर्ज मात्र टवटवीत राहतं.

केंद्राने आता ठरवलंय की मार्च 2031 पर्यंत आपलं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांच्या आसपास आणायचं. 2025-26 साठी अंदाज 56 टक्क्यांचा होता. करोनाच्या वर्षी 9.2 टक्क्यांवर गेलेली तूट 4.4 पर्यंत उतरवली, हे काम लहान नाही. पुढची उतरण वाढीच्या जोरावर व्हायला हवी. शाळा-दवाखाने कापून नको.

त्या मार्चअखेरीला आप्पांनी अडत्याकडून नेहमीच्या अर्धीच रक्कम उचलली. दोन वर्षांपूर्वी डाळिंबाला ठिबक केलं होतं, त्याचे पैसे हाताशी होते. सोसायटीच्या पायरीवरूनच त्यांनी मला फोन लावला. मागे सचिवाच्या शिक्क्याचे ठप्पे ऐकू येत होते.

“दिल्लीवाल्यांनी यंदा किती उचललं म्हणालास?”

“पंधरा लाख एकोणसत्तर हजार कोटी, आप्पा.”

“त्यातलं ठिबकाला किती गेलं?”

मी कागद काढला. रस्ते, रेल्वे, पूल, असल्या टिकणाऱ्या कामांसाठी केंद्राने ठेवलेला भांडवली खर्च अकरा लाख एकवीस हजार कोटी. तो आकडा सांगितला.

आप्पा जरा थांबले. तोंडी वजाबाकी चालली असावी.

“आन् बाकीचं?”